सह्याद्रीत प्रस्तरारोहण शिकायचंय : क्लब, शनिवार-रविवारचा कोर्स की थेट उत्तरकाशी?

रानवारा

नमस्कार मंडळी.

गडकिल्ले फिरण्यात बरीच वर्षं गेली, आता ओढ सुळक्यांची लागलीय. वानरलिंगी, कर्नाळ्याचा अंगठा, मनमाडजवळची हडबीची शेंडी, यातलं काहीही दिसलं की पायथ्याशी मान वर करून बसावंसं वाटतं. लिंगाण्याला एका ग्रुपबरोबर जाऊन आलो. तिथे दोर आधीच लावलेले होते, हार्नेस (कंबर-मांड्यांचा पट्टा) कुणीतरी चढवून दिला, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) कुणीतरी अडकवून दिलं आणि आम्ही वर पोचलो. आनंद झाला, पण हाती काही लागलं नाही. तो दोर वर कशाला बांधलाय, तो माझं वजन का पेलतोय, हे मला समजायला हवं.

वय ३६, राहायला डोंबिवली, शनिवार-रविवार मोकळे. क्लबात जावं, पैसे भरून वीकेंडचा कोर्स करावा की महिनाभर रजा टाकून उत्तरकाशी किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करावा? आणि मुख्य म्हणजे शिकवणारा चांगला आहे की नाही, हे नवख्याने ओळखायचं कसं? जाहिराती सगळ्यांच्याच झकास असतात.

ठाणेकर_अमित

डोंबिवलीचा आहेस ना? मग लांब कशाला जातोस, मुंब्र्याचे कडे दारात आहेत आणि बेलापूर तासाभरावर. हिवाळ्यात रविवारी सकाळी बेलापूरच्या कातळावर नुसता येऊन बस. कोण कसं चढतंय, खालचा माणूस दोर कसा धरतोय, हे बघ. अर्ध्या शंका तिथेच फिटतील.

दोरखंड

रानवारा, प्रश्न नेमका विचारलास. मी बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नवखे येतात तेव्हा त्यांना चढायचं असतं. चांगला शिक्षक त्यांना आधी जमिनीवर ठेवतो. पहिली सकाळ गाठींची. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, मुंटर हिच, प्रुसिक, टेपची (नायलॉनच्या पट्टीची) गाठ. डोळे मिटून बांधता येईपर्यंत त्याच त्याच. मग हार्नेस, बकल, लॉकिंग कॅराबिनरचा स्क्रू, आणि एकमेकांची तपासणी. ही तपासणी डोळ्यांनी करायची नाही, हात लावून करायची. बकल ओढून बघायचं, कॅराबिनर दाबून बघायचं. मी स्वतः अजूनही जोडीदाराला हात लावून बघतो आणि त्यालाही बघायला लावतो. त्यात मानापमान नसतो.

त्यानंतर बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं. माझ्या मते सगळं प्रस्तरारोहण इथे शिकलं जातं. आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. झाडावरून किंवा कड्याच्या माथ्यावरून दोर घ्यायचा, त्याला माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधायचं, ते वर चढवायचं आणि न सांगता सोडून द्यायचं. खाली बिले देणाऱ्याने ते पकडायचं. पोतं सुटलं की दोर हातातून सर्रकन पळतो, हार्नेस कंबरेला आवळतो, माणूस जागचा उचलला जातो. ज्याचा ब्रेकचा हात खाली घट्ट असतो त्याचं पोतं हवेत थांबतं, ज्याचा ढिला असतो त्याचं पोतं धप्पकन जमिनीवर येतं. ते बघितल्यावर पोरं बिले देताना मोबाइलकडे बघत नाहीत, कुणाला सांगावंही लागत नाही.

एवढं झालं की टॉप रोपवर चढाई. म्हणजे दोर वरच्या अँकरमधून, कातळावरच्या पक्क्या आधारातून आलेला, हात सुटला तरी पाऊल-दोन पाऊल खाली लोंबकळायचं, बस्स. पायावर वजन ठेवायला इथे शिकायचं. त्यानंतर रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणं, प्रुसिक गाठीचा बॅकअप लावून. मग दुसऱ्या क्रमांकाने चढणं, म्हणजे पुढे गेलेल्याने लावलेली साधनं काढत वर जाणं. लीड, म्हणजे सगळ्यांत पुढे स्वतः दोर घेऊन जाणं, हे पहिल्या कोर्सात नसतंच. पहिल्याच वीकेंडला लीड करायला लावतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस.

नीलिमा_क

दोरखंड दादा, म्हणजे पावसाळ्यात ते धबधब्यावर उतरवतात ते या कशातच बसत नाही का? मी एका आयोजकाबरोबर गेले होते, नाव लिहीत नाही. माणसांची रांगच रांग, दोर एक. वर एक मुलगा हार्नेस अडकवत होता आणि माझ्या पायाचं बकल उलट्या बाजूने परत ओवलेलं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या एका काकांनी बघितलं म्हणून कळलं. मला त्या दिवशी उतरताना नाही, घरी आल्यावर भीती वाटली.

दोरखंड

नीलिमाताई, ती करमणूक झाली, शिक्षण नव्हे. करमणुकीला माझी ना नाही, पण ती सुरक्षित असावी. गिऱ्हाइकाला खाली सोडणारा एक दोर आणि त्याला वरून सांभाळणारा दुसरा स्वतंत्र दोर, हे किमान. दोराच्या टोकाला गाठ, हेही किमान. दोर जमिनीपर्यंत पोचलेला नसणं आणि टोकाला गाठ नसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस दोराच्या बाहेर निघून जातो. जगभर कसलेले लोकही असे गेलेत.

त्या काकांना माझा नमस्कार सांगा.

भूशास्त्री

शिकवणारा कसाही असो, ज्याच्यावर चढायचंय तो दगड आधी समजून घ्या. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट, काळे, हाताला गार आणि खणखणीत. काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झालेल्या, त्यात नंतर झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरलेली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो, तो पावसाने झिजत जातो आणि वरचा घट्ट थर पुढे लोंबत राहतो. गडांवर चढताना आडवे पट्टे दिसतात ते हेच. कड्याच्या मधोमध जी गवताळ, घसाऱ्याची पायरी लागते तीही बहुधा अशाच मऊ थराची.

म्हणून आपल्याकडे खोबणी दिसली की लगेच लटकायचं नाही. आधी तळहाताने किंवा बोटांच्या पेरांनी ठोकायचं. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब आवाज आला तर तो तुकडा मागून सुटलेला आहे. खाच बाहेर ओढण्याऐवजी खाली दाबून वापरायची, हेही इथेच शिकावं लागतं. हंपीच्या ग्रॅनाइटवर किंवा बदामीच्या वालुकाश्मावर शिकून आलेली मंडळी आपल्या कड्यावर पहिल्या दिवशी दगड पाडतात, त्याचं कारण हे.

तैलबैल्याच्या भिंती मात्र वेगळ्या. त्या उभ्या भेगेत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या आहेत, आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंत उभी राहिली.

सिद्धेश_वॉल

इथे कुणी कृत्रिम भिंतीचं नाव काढलं नाही म्हणून मी काढतो. रानवारा, आठवड्यातून दोन संध्याकाळी इनडोअर भिंतीवर जा. पायाची टोकं कशी वापरायची, कंबर भिंतीला कशी चिकटवायची, दमल्यावर हात सरळ ठेवून विसावा कसा घ्यायचा, हे तिथे शंभरदा करता येतं. कड्यावर एका रविवारी चार चढाया झाल्या तरी पुष्कळ. टोकियोच्या ऑलिंपिकपासून स्पोर्ट क्लायंबिंगला लोक ओळखू लागलेत, आपल्याकडेही भिंती वाढतायत. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात कुठे ना कुठे सोय आहे.

घाटमाथा

भिंतीवर ताकद येते, मान्य. पण भिंतीवरचा होल्ड निघून हातात येत नाही, भिंतीवर आग्या मोहोळ नसतं आणि भिंतीवर तीन तास चढून गेल्यावर पाणी संपत नाही. भिंतीवर उत्तम चढणारा एक मुलगा आमच्याबरोबर आला होता. पहिल्या शंभर फुटांत झकास. मग खालची दरी दिसली आणि जागच्या जागी थिजला. दृष्टिभय ही गोष्ट सह्याद्रीतच मोडते, हॉलमध्ये नाही.

सिद्धेश_वॉल

घाटमाथा, मी भिंत कड्याऐवजी म्हणत नाहीये, कड्याबरोबर म्हणतोय. आणि त्या मुलाला खाली कुणी आणलं? ज्याला दोरावरून माणूस खाली सोडता येतो त्याने. तेही भिंतीवर शिकता येतं.

घाटमाथा

मीच आणलं. आणि हो, तेवढं भिंतीवर शिकता येतं, हे कबूल.

आजोबा_बोरिवली

तुम्हा तरुणांचं वाचून बरं वाटलं. आम्ही १९७० च्या दशकात कान्हेरीच्या बाजूच्या कातळावर शिकलो. हार्नेस नावाची चीज आम्ही चित्रातच बघितलेली. दोर थेट कंबरेला, बोलाइन मारून, आणि बिले खांद्यावरून. पायात कॅनव्हासचे बूट. सुटलं तर बरगड्या दुखायच्या, म्हणून सुटायचंच नाही असं ठरवून चढायचो.

पण एक सांगतो. आम्हाला कुणी पैसे मागितले नाहीत. मुंबईत १९५४ साली गिरिविहार उभी राहिली, पुढे गावोगाव संस्था झाल्या. दार्जिलिंगची संस्थाही त्याच सालची, एव्हरेस्टवरून उतरून आलेले तेनझिंग तिथे शिकवत. तिथे शिकून आलेला माणूस परतल्यावर रविवार रविवार पोरांना शिकवायचा. घेतलेलं पुढे द्यायचं, एवढीच फी. आज वीकेंडला हजारो रुपये मोजून शिकायचं म्हणजे मला पटत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्या मुलाने काय करायचं?

दोरखंड

आजोबा, तुमच्या पिढीने शिकवलं म्हणून आम्ही आहोत. पण फीचा हिशेब बघा. चांगला डायनॅमिक, म्हणजे पडल्यावर ताणून झटका झेलणारा दोर महाग, तो कायमचा टिकत नाही. न वापरता ठेवला तरी उत्पादक साधारण १० वर्षांच्या पुढे वापरू नका म्हणतात, आणि दर आठवड्याला वापरला तर फार लवकर बाद होतो. हेल्मेट, हार्नेस, स्लिंगा, सगळ्यांचं तेच. फी न घेणारा क्लब कधी कधी जुना दोर काढून टाकायला कचरतो. मला ती काटकसर धोक्याची वाटते.

मुलांसाठी मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्याकडे दर तुकडीत काही जागा विनाशुल्क असतात. सगळ्यांनी ठेवाव्यात.

आजोबा_बोरिवली

ठेवता हे वाचून आनंद झाला. दोराचं पटलं.

शेफील्डकर

मी नोकरीनिमित्त इंग्लंडात शेफील्डला असतो. इथून पीक डिस्ट्रिक्टचे कडे जवळ आहेत, स्टॅनेजचा कडा तर मैलोन्‌मैल पसरलेला. खडक ग्रिटस्टोन, म्हणजे खरखरीत वालुकाश्म, बूट चिकटून राहतो. इथल्या ग्रिटस्टोनवर बोल्ट मारत नाहीत. भेगांत नट (धातूची पाचर) आणि कॅम (भेगेत फाकून बसणारं साधन) बसवत जायचं, मागून येणाऱ्याने ते काढत यायचं, कडा होता तसा राहतो. शिकवणाऱ्यांसाठी वेगळी पात्रता आहे, रॉक क्लायंबिंग इन्स्ट्रक्टर म्हणतात. प्रशिक्षण, मग स्वतःच्या चढायांची नोंदवही, मग परीक्षा. नवखा माणूस सरळ ते प्रमाणपत्र विचारतो आणि कुणाला राग येत नाही.

मी इथे शिकलो तेव्हा पहिला अख्खा दिवस जमिनीच्या उंचीवरच गेला. शिक्षिकेने कड्याच्या पायथ्याला भेगा दाखवल्या आणि म्हणाल्या, लाव नट. मी लावायचो, त्या झटका द्यायच्या, नट निघून यायचा. संध्याकाळपर्यंत निघेनासा झाला. आपल्याकडे बोल्ट इतके का मारतात, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. गडाचा कातळ भोकं पाडून खराब होत नाही का?

घाटमाथा

शेफील्डकर, प्रश्न रास्त आहे, उत्तर भूशास्त्रींच्या पोस्टमध्ये अर्धं आलंय. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे या लाव्ह्याच्या खडकात, नट-कॅम धरून ठेवतील अशा भेगा सलग मिळत नाहीत. जिथे भेग असते तिथे कडा सुटा असतो. कॅम लावला आणि त्यावर पडलात तर कॅमसकट दगड येईल. म्हणून पूर्वी मेखा ठोकल्या गेल्या. त्यातल्या कित्येक आज गंजून आत खंगल्यात, वरून धडधाकट दिसतात. चार महिन्यांचा पाऊस आणि कोकणाकडून येणारी दमट हवा लोखंडाला सोडत नाही. अलीकडे गिर्यारोहक एकत्र येऊन प्रस्थापित मार्गांवरच्या जुन्या मेखांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवतायत. स्वतःच्या पदरचा वेळ आणि पैसा घालून. हे काम फार मोलाचं आहे.

तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य. संरक्षित गडाच्या तटाला, कोरीव लेण्याला हातही लावायचा नाही. आणि जिथे एक बोल्ट पुरतो तिथे तीन मारायचे नाहीत.

नवख्याने एवढंच लक्षात ठेवावं: कड्यावर मेख दिसली म्हणजे ती तुमचं वजन घेईल असं नाही.

अभ्या

एवढे बोल्ट आणि नट कशाला, घोरपड आणा की! तानाजी मालुसऱ्यांनी काय ग्रिटस्टोनवर कॅम लावला होता?

मावळतीकर

अभ्या, १६७० च्या माघातली काळोखी रात्र आणि सिंहगडाचा डोणागिरीचा कडा. यशवंती घोरपडीची गोष्ट पोवाड्यातली, लहानपणी मलाही फार आवडायची. पण घोरपड माणसाचं वजन कुठून पेलणार? वर जाणारे मावळे कसलेले चढणारे होते आणि त्यांनी वरून दोर सोडले, हे मला जास्त अभिमानाचं वाटतं. श्रेय माणसाला जातं.

नीलिमा_क

आणि हिरकणीला विसरू नका. तिला दोरही नव्हता, बिलेही नव्हता, आणि उतरणं चढण्यापेक्षा अवघड.

अभ्या

हिरकणीपुढे सगळे गप्प. मूळ प्रश्नावर या मंडळी.

वृषाली_पुणे

येते. मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक केलंय. १९६५ सालची संस्था, शिस्त लष्करी. शिकवणाऱ्यांना उस्ताद म्हणतात आणि ते शब्द वाया घालवत नाहीत. सुरुवातीचे दिवस टेखल्याच्या कातळावर. पहाटे पाठीवर सॅक घेऊन रांगेत चालत जायचं, दिवसभर चढाई-उतराई, संध्याकाळी परत. आमच्या उस्तादांनी एका मुलीला तीच फूट-दीड फुटाची पायरी पुन्हा पुन्हा चढायला लावली, कारण ती गुडघा टेकवत होती. "गुडघ्याला डोळे नसतात," एवढंच बोलले. तिचा गुडघा टेकायचा थांबला तेव्हाच सोडलं.

पण रानवारा, नीट समजून घे. तो चार आठवड्यांचा कोर्स हिमालयासाठी आहे. कातळ हा त्याचा पहिला टप्पा, पुढे डोकरियानी हिमनदीवर बर्फातलं काम, दोरांनी बांधलेल्या तुकड्या, उंचीशी जुळवून घेणं. पुढच्या ॲडव्हान्स कोर्ससाठी ए ग्रेड लागते. प्रतीक्षायादी लांब असते, वयाचीही अट असते. तुला सह्याद्रीतला कातळच हवा असेल तर महिन्याची रजा तिथे घालवू नकोस. पुढे हिमालयात जायचं मनात असेल तर डोळे मिटून जा, तसं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

नुसत्या कातळासाठी माउंट अबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था आहे. फी अगदी माफक, आपल्याकडची बरीच मुलं जातात. तिथला खडक ग्रॅनाइट, बुटाच्या घर्षणावर चढायला लावणारा. तिथे पायावर भरवसा ठेवायला शिकतो माणूस.

डॉक्टर_बाई

माझं थोडं वैद्यकीय. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, बोटांचे कंडरे आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या फार सावकाश. पस्तिशीनंतर सुरुवात करणारी ताकदवान माणसं याच फरकात अडकतात. अनामिकेच्या मुळाशी टक्‌ असा आवाज, मग सूज, मग महिनोन्‌महिने विश्रांती. पहिलं वर्ष बारीक खाचांवर बोटं मुडपून लटकू नका. बोटं उघडी ठेवून धरायला शिका.

दुसरं, हार्नेसमध्ये बेशुद्ध किंवा हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांतच संकटात येतो, कारण पायातलं रक्त परत फिरत नाही. त्याला लवकर खाली घेता आलं पाहिजे. म्हणून दोरावर अडकलेल्याला सोडवणं हे ज्या कोर्सात शिकवत नाहीत तो कोर्स अर्धवट आहे.

हेल्मेट पायथ्याशी बसलेल्यांनीही घालायचं. दगड चढणाऱ्यापेक्षा खालच्याला जास्त लागतो.

पालक_नाशिक

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तिला पाठवावं का?

डॉक्टर_बाई

खुशाल. फक्त वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोकं कोवळी असतात, त्यामुळे बोटांवर लटकण्याचे खास व्यायाम नकोत. बोटाचं पेर दुखतंय म्हणाली तर थांबवायचं, "सहन कर" म्हणायचं नाही.

घाटमाथा

मधमाश्यांवर वेगळं लिहितोच, कारण शहरातल्या भिंतीवर हे कुणी शिकवत नाही. आग्या मोहोळ मोठ्या कड्यांच्या कपारीत लोंबतं. पायथ्याशी आल्यावर पहिलं काम कातळ दुर्बिणीने किंवा नुसत्या डोळ्यांनी न्याहाळायचं, आणि गावात विचारायचं. गावकऱ्यांना कुठल्या कड्याला कुठे पोळं आहे ते पक्कं माहीत असतं. अत्तर, सुगंधी तेल, धूर, शेकोटी, आरडाओरडा, सगळं बंद. आम्ही एका सुळक्याच्या पायथ्याहून सगळं सामान लावून झाल्यावर परत फिरलोय, कारण वाऱ्याने मोहोळ उठताना दिसलं. बरोबरचे काही नवखे नाराज झाले. आमच्या ज्येष्ठांनी त्यांना तिथेच बसवून त्याच दिवशी पायथ्याला अँकर बांधायला शिकवलं. शिक्षक असा हवा.

कपारीत गिधाडांची घरटी असतील तरी हेच. हिवाळ्यात त्यांची वीण असते. त्या कड्याला त्या वर्षी जायचं नाही.

कायदेपंडित_ना_मी

एक माहिती. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, प्रशिक्षकांची पात्रता आणि सुरक्षेचे निकषही आहेत. नोंदणी आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक शिकणाऱ्याला आहे. कागद असला म्हणजे माणूस चांगला असं नाही, पण विचारल्यावर जो चिडतो त्याच्याबद्दल पुरेसं कळतं.

रानवारा

मंडळी, एवढं भरभरून लिहिलंत, खरंच आभार. उत्तरकाशीचा विचार तूर्त मागे ठेवतो, वृषालीताईंचं पटलं. क्लबातून सुरुवात आणि जोडीला आठवड्यातून एकदा भिंत, असं ठरवलंय. दोन क्लबांशी बोलणं चालू आहे. दोरखंड दादा, एक राहिलं. पहिल्या दिवशी जाऊन नेमकं काय बघू, काय विचारू?

दोरखंड

आधी दोर बघ. स्वच्छ पिशवीत गुंडाळून ठेवलाय की गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली पडलाय? गाडीच्या बॅटरीतलं आम्ल नायलॉन खाऊन टाकतं आणि वरून काहीच दिसत नाही. दोर कधी घेतला आणि कुठे कुठे वापरला याची वही आहे का, ते विचार. वही काढून दाखवली तर तिथेच अर्धा विश्वास बसायला हरकत नाही.

मग अँकर बघ. चढाईचा दोर ज्या जागी टांगलाय तिथे किमान दोन स्वतंत्र आधार हवेत, एक गेला तरी दुसरा धरेल असे. चालता दोर थेट नायलॉनच्या टेपमधून ओवलेला दिसला तर तिथून निघ. नायलॉनवर नायलॉन घासलं की वितळून तुटतं, मध्ये कॅराबिनर हवंच. कॅराबिनरवर लिहिलेलं वाचायला सांग कुणालातरी. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २ टन. आडवं पडलं किंवा फाटक उघडं राहिलं की ताकद एक तृतीयांशाच्या आसपास येते. हे जो उत्साहाने समजावून सांगतो तो शिकवणारा. "ते आम्ही बघतो, तू चढ" म्हणणारा नाही.

एका शिक्षकामागे किती जण, तेही मोज. कड्यावर मी सहाच्या वर घेत नाही.

आणि मुख्य प्रश्न हा विचार: मागच्या मोसमात तुम्ही कुठून परत फिरलात आणि का? घाटमाथांनी वर सांगितलं तसं उत्तर पटकन आलं पाहिजे. कधीच परत फिरलो नाही म्हणणाऱ्याबरोबर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

शेफील्डकर

हा शेवटचा प्रश्न मी इथेही विचारायला सुरुवात करतो. आणि घाटमाथा, बोल्टचं पटलं. डिसेंबरात येतोय, एखाद्या मार्गावर जुन्या मेखा काढायच्या असतील तर हातभार लावायला आवडेल.

घाटमाथा

निरोप करतो. ड्रिल उचलायला माणसं कायम कमीच असतात.

रानवारा

दोरखंड दादा, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. क्लायंबिंगचे बूट लगेच घेऊ का?

सिद्धेश_वॉल

पहिले काही आठवडे क्लबाचे वापर. घेशील तेव्हा संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोज्यांशिवाय घालून बघ, बोटं टोकाला टेकलेली हवीत पण मुडपून दुखायला नकोत. नवख्याला वाकडे, टोकदार बूट गळ्यात मारतात, ते घेऊ नकोस. सपाट तळ्याचे घे. पायाची नखं आदल्या रात्री कापून ये.

डॉक्टर_बाई

आणि अंगठी घरी ठेवून. हात घसरताना अंगठी खाचेत अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. लग्नाची असली तरी काढायची.

ठाणेकर_अमित

रानवारा, रविवारी आम्ही चौघे बेलापूरला जातोय. ठाण्याहून सकाळची पहिली लोकल. हेल्मेट आणि हार्नेस माझ्याकडे जास्तीचे आहेत, पाणी मात्र दोन लिटर स्वतःचं आण. दहाच्या पुढे कातळ तापतो.